पाहुण्याची फांदी

१

विषाणूंची नाती लावणे हा ज्यांचा रोजचा उद्योग, त्या बाईंना प्रयोगशाळेत कोणी नावाने हाक मारीत नसे. सगळे त्यांना वंशावळबाई म्हणत, आणि वरवर कपाळाला आठ्या घालूनही त्यांना ते मनातून आवडे. आजारी जनावरांच्या नाकाघशातून काडीवर टिपलेले नमुने त्यांच्याकडे येत: कुत्र्यांचे, शेळ्यांचे, गाईंचे, क्वचित दूरदेशीच्या किनाऱ्याला लागलेल्या एखाद्या सील या समुद्री प्राण्याचे. यंत्र त्या नमुन्यांतील विषाणूंची जनुकीय अक्षरे वाचून काढी. बाई ती अक्षरे एकाखाली एक मांडीत, कोठे कोणते अक्षर बदलले आहे ते पाहत, आणि त्या फरकांवरून संगणकाच्या पडद्यावर एक झाड उमटे. फरक थोडे, तर फांद्या आखूड आणि नाते जवळचे. फरक पुष्कळ, तर फांदी लांब आणि दुरावा मोठा. कुत्र्याचा आणि सीलचा विषाणू सख्खे भाऊ ठरले होते, शेळीचा त्यांचा चुलतभाऊ होता, आणि गाईचा, बाईंच्या मते, कार्याच्या दिवशीच तोंड दाखवणाऱ्या थोरल्या काकांसारखा होता.

मात्र घरातल्याच माणसांकडे पाहून घराचे दार कोणत्या बाजूला आहे ते सांगता येत नाही. त्यासाठी दाराबाहेर कोणीतरी असावे लागते. म्हणून प्रत्येक झाडात एक दूरचा विषाणू मुद्दाम घालायचा असे. त्याची लांबलचक फांदी जिथे येऊन जोडली जाई, तिथे कुळाचे मूळ. प्रयोगशाळेत त्याला ‘पाहुणा’ म्हणत. बाईंचा पाहुणा वर्षानुवर्षे एकच होता. त्यांचे वडील पशुवैद्य. नोकरीच्या काळात त्यांनी कुठल्याशा गोठ्यावर घेतलेला तो नमुना. डीप फ्रीझरच्या तळाशी, बर्फाच्या पापुद्र्याखाली, त्याची नळी पडून होती. नव्याने रुजू झालेल्यांना बाई बजावीत, “पाहुण्याला दारात बसवायचं. घरात घ्यायचं नाही.”

त्या सकाळी नेहमीप्रमाणे झाड उमटले. बाई चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसल्या आणि कप ओठांपाशी तसाच राहिला. पाहुण्याची फांदी आखूड झाली होती.

त्यांनी ड्रॉवरमधली लाकडी पट्टी काढून पडद्याला लावली. या पट्टीवरून तरुण मंडळी त्यांची थट्टा करीत, पण डोळ्यांवर विश्वास ठेवणारी माणसे बाईंच्या लेखी आळशी होती. पट्टीनेही तेच सांगितले.

डीप फ्रीझर ज्यांच्या ताब्यात असत ते सहकारी, बारा महिने स्वेटर घालत म्हणून ‘गारठेराव’ झालेले, त्याच वेळी दारातून आत डोकावले.

“गारठेराव, आमचा पाहुणा जवळ सरकलाय.”

“जेवायची वेळ झाली असेल.”

“चेष्टा नको. हे बघा.”

गारठेरावांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले. “नवे नमुने घातले असतील तुम्ही. माणसं वाढली की सगळ्यांनाच सरकून बसावं लागतं.”

हे शास्त्राला धरून होते. नव्या नमुन्यांनी जुन्या फांद्यांची मापे थोडी हलतात. बाईंनी मान डोलावली, चहा संपवला, आणि तो थंड झाला आहे हे त्यांना कप खाली ठेवल्यावर कळले.

२

घरी वडील आणि बाई अशी दोनच माणसे. वडिलांच्या फुप्फुसांनी वर्षभरापूर्वी हात टेकले होते. प्राणवायूचे यंत्र त्यांच्या खुर्चीशेजारी दिवसभर गुरगुरे. त्यांना एखाद्या वृद्धाश्रमात ठेवावे असे नातलगांनी सुचवले, तेव्हा बाईंनी त्या नातलगांशी बोलणेच टाकले. वडिलांनी आपल्या घरात, आपल्या खिडकीपाशी राहावे आणि लेकीला चुका दाखवीत राहावे, याहून जास्त काही त्यांना या जगात नको होते.

चुका म्हणजे भाषेच्या चुका. वडिलांनी आयुष्य गुरांत काढले, पण शब्दांच्या बाबतीत ते सोनाराहून कडक. त्यातही एका शब्दाला घरात बंदी होती. घाईघाईने पर्स उचलून बाई कधी “बाबा, मी जाते” म्हणाल्या, की खुर्चीतून उत्तर येई, “कुठं जातेस? येते म्हण.”

“येते.”

“हां. ये.”

निघणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचे आणि राहणाऱ्याने ‘या’ म्हणायचे. सगळेच तसे म्हणतात, पण या घरात ते कधीही चुकले नव्हते. दूधवाल्यापासून वीजमीटर पाहायला येणाऱ्यापर्यंत कोणाचेही ‘येतो’ वडिलांनी उत्तरावाचून जाऊ दिले नव्हते. आईच्या शेवटच्या दिवशी तिला शब्द फुटत नव्हता, तरी वडील तिच्या उशाशी वाकून “ये” म्हणाले होते.

त्या संध्याकाळी बाईंनी दिवा लावला तेव्हा वडील बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसले होते. एरवी त्यांची खुर्ची खिडकीकडे असे.

“दुपारी कोणीतरी येऊन गेलं,” ते म्हणाले.

“कोण?”

“दार उघडायला उठलो नाही. बाहेरूनच म्हणाला, येतो.”

“म्हणजे गेला ना.”

“अगं, येतो म्हणून जायला आधी आला कुठं होता? घंटा नाही, टकटक नाही. नुसतं, येतो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

वडिलांनी बाईंकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. “काय करणार? या म्हणालो.”

बाई हसल्या. वडील मात्र हसले नाहीत. “आवाज ओळखीचा होता,” ते काही वेळाने म्हणाले. “त्या गोठेवाल्यासारखा. तुझा तो पाहुणा मी ज्याच्याकडून आणला, त्याच्यासारखा.”

“तो तर केव्हाच वारला, बाबा.”

“म्हणून तर ‘सारखा’ म्हणालो. उपमा कळते ना?”

३

पुढच्या आठवड्यात झाड पुन्हा काढले, तेव्हा बाईंनी एकही नवा नमुना त्यात घातला नव्हता. तीच मंडळी, तीच अक्षरे. पाहुण्याची फांदी मात्र आता गाईच्या फांदीएवढी उरली होती. दारात बसवलेला माणूस आतल्या सतरंजीच्या कडेला येऊन टेकावा, तसे ते दिसत होते.

बाईंनी घाई केली नाही. आधी संगणकातील मांडणी तपासली, मग मोजमापाची पद्धत बदलून पाहिली, मग गारठेरावांना मूळ नळी काढायला लावून तिच्यातील अक्षरे यंत्राकडून नव्याने वाचून घेतली. मनातल्या मनात त्या एकेका कारणावर काट मारीत होत्या: यंत्राचा दोष, नळ्यांची अदलाबदल, दुसऱ्या नमुन्याचा शिंतोडा. शिंतोड्याचे कारण सर्वांत सभ्य होते. त्यावर त्यांनी बराच वेळ विश्वास ठेवला.

“शिंतोडा नाही,” निकालाचा कागद पुढे करीत गारठेराव म्हणाले. त्यांनी स्वेटरच्या बाह्या पंज्यांवर ओढून घेतल्या होत्या. “शिंतोडा असता तर दोन विषाणूंची अक्षरं मिसळलेली दिसली असती. इथं एकच आहे. स्वच्छ. फक्त पूर्वीचा नाही.”

“गोठवलेला विषाणू बदलत नाही.”

“तेच मी रात्रभर स्वतःला सांगतोय, बाई. बदलायला वाढावं लागतं. वाढायला कोणाच्या तरी अंगात असावं लागतं.”

बाईंनी नळी उजेडात धरली. काचेवर दव साचून हळूहळू ओघळत होते.

“नळी बंदच होती ना?” बाईंनी विचारले.

“झाकण माझ्या हातानं उघडलं. बर्फानं पार चिकटलेलं होतं. तुमच्या वडिलांना विचारा ना, हा नमुना नक्की कोणत्या जनावराचा?”

बाईंनी नळी खाली ठेवली. इतकी वर्षे हा प्रश्न आपण विचारला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले. पाहुण्याला त्याचे गाव विचारणे राहून जावे, तसे ते राहून गेले होते.

४

जिना चढतानाच त्यांना घरातून वडिलांचा आवाज ऐकू आला. भरदार, खणखणीत, आजारापूर्वी गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. तो एवढेच म्हणाला, “येतो.”

“या,” बाई म्हणाल्या. किल्ली कुलपात फिरत होती, पिशवी घसरत होती, आणि जिभेला सवय होती.

दार उघडल्यावर त्यांना कळले की वडील कोठेही निघालेले नाहीत. ते खुर्चीत होते, मांडीवर शाल होती, आणि बाईंकडे बघून ते मान हलवीत होते: नको, नको. ओठ हलत होते, पण त्यांतून नुसती फुंकर बाहेर पडत होती.

“आवाज बसला?” बाईंनी जवळ जाऊन विचारले. “पण आत्ता तर तुम्ही...”

वडिलांनी बाईंना कान खाली आणायची खूण केली. “आवाज बसला म्हणतात,” ते कुजबुजले. “कुठं जाऊन बसतो, ते कोणी सांगत नाही.” थट्टा होती, पण डोळे बाईंच्या खांद्यावरून पलीकडे, चपलांच्या कपाटावर खिळले होते. “तू त्याला या म्हणालीस?”

“तोंडातून गेलं.”

“हं. माझ्याही.”

बाईंनी कपाटाजवळचा दिवा लावला. तेथे काही नव्हते. पायपुसणे तेवढे मधोमध दबलेले होते, एखादे जनावर बराच वेळ बसून नुकतेच उठले असावे तसे. त्यांनी ते सरळ केले. प्राणवायू कमी पडला की माणसाला भास होतात, हे त्यांनी वाचले होते. पण जिना चढणाऱ्या धडधाकट माणसाला कोणता वायू कमी पडतो, ते त्या पुस्तकात नव्हते.

गरम पाणी पाजून झाल्यावर त्यांनी विचारले, “बाबा, तो नमुना कोणत्या जनावराचा होता?”

वडिलांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

“कळलं नाही,” ते म्हणाले. “गोठेवाल्याचा आवाज बसला होता. खुणेनंच मला बोलावून नेलं त्यानं. गोठ्याच्या उंबऱ्यावर ते आडवं पडलं होतं. कुत्रं वाटलं. जवळ गेल्यावर वासरू वाटलं. आत येत नव्हतं, हटतही नव्हतं. मी नाकातून काडी फिरवली, तर मुकाट्यानं फिरवू दिली.”

“मग?”

“मग ते उठलं. चार पायांवरच उठलं असं म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे? तुम्ही तिथं होतात ना?”

“मी मान फिरवली होती, ताई,” वडील म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी वडिलांच्या घशातून काडी फिरवली. घरच्या माणसाचा नमुना असा परस्पर नेणे नियमात बसत नव्हते, आणि नियम मोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.  वडिलांनी तोंड मिटताच कुजबुजून शेरा मारला, “धरायची पद्धत चुकली. माझं वासरू असतं तर चावलं असतं.”

त्या नमुन्यात काहीही सापडू नये, एवढीच बाईंची इच्छा होती. म्हाताऱ्या फुप्फुसांची खरखर, बदलती हवा, दुसरे काही नाही. मग त्या घरी जाऊन खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवणार होत्या.

यंत्राने अक्षरे वाचली. झाड उमटले. गारठेराव मागे उभे होते.

कुत्रा आणि सील आपल्या जागी होते, शेळी होती, गाय होती. बाहेर मात्र कोणी नव्हते. लांब फांदीची जागा रिकामी होती. पाहुणा झाडाच्या अगदी आत, दाट जागी जाऊन बसला होता, आणि त्याला चिकटून, मध्ये पट्टीची एक रेघही मावू नये इतका जवळ, तो नवा नमुना होता.

“सख्खे,” गारठेराव हळूच म्हणाले. “हा कोणता प्राणी आणलात?”

“माझे वडील.”

गारठेरावांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. “तुम्ही घरी जा. वर कळवायचं ते मी कळवतो. रुग्णवाहिका मीच बोलावतो. बाई, उठा.”

बाई उठल्या नाहीत. त्या झाडाचे मूळ शोधत होत्या. बाहेर कोणीच उरले नाही, तर दार कोठे आहे ते कसे सांगणार?

त्याच दुपारी रुग्णवाहिकेतील माणसे वडिलांना स्ट्रेचरवर घेऊन निघाली, तेव्हा घरात लख्ख ऊन पडले होते. उंबऱ्यापाशी वडिलांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि नाकावरचा मुखवटा बाजूला सारला.

“ताई. मी जातो.”

बाईंना वाटले, आपण चुकीचे ऐकले. “असं नाही म्हणायचं, बाबा. येतो म्हणा.”

“जातोच म्हणतोय.” एकेका शब्दासाठी ते खोल तळाशी जाऊन येत होते. “मुद्दाम म्हणतोय. पुढे कोणी माझ्या आवाजात येतो म्हणालं, तर तो मी नव्हे. कळलं?”

“बाबा...”

“उत्तर द्यायचं नाही. आता म्हण, जा.”

तो शब्द बाईंच्या तोंडून बाहेर पडेना. वडील वाट पाहत राहिले, आणि त्यांनी वाट पाहिली तेवढ्यात त्यांचा श्वास आणखी उणा झाला. शेवटी स्ट्रेचर धरणारा माणूस अवघडून म्हणाला, “बाई, उशीर होतोय.”

“जा,” बाई म्हणाल्या.

वडिलांनी मान डोलावली; अवघड शब्द विद्यार्थ्याने बिनचूक लिहिला म्हणजे डोलवावी तशी.

६

ते गेले. रुग्णालयाने मृत्यूचे कारण दिले: वय आणि फुप्फुसे. बाईंना तब्येतीवर लक्ष ठेवण्यासाठी घरीच राहण्याचा हुकूम झाला. प्राणवायूचे यंत्र परत नेले होते, आणि त्याच्या गुरगुरण्याखाली इतके दिवस दडलेले घराचे बारीकसारीक आवाज आता उघडे पडले होते: नळाचे ठिबकणे, लाकडाचे कुरकुरणे, चपलांच्या कपाटाजवळची ती अधूनमधूनची, सावकाश, ओलसर हुंगण्यासारखी हालचाल. पाण्याच्या नळीत हवा अडकली की असा आवाज होतो. बाईंनी ते स्वतःला समजावले आणि त्या बाजूला जाण्याचे टाळले.

गारठेरावांचा फोन आला. “ती नळी वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केली,” ते म्हणाले. “वरिष्ठांसमोर. सगळं संपलं.”

“आणि झाड?”

“पाहुण्यावाचून काढून पाहिलं. मूळ सापडत नाही. दुसरा कोणीतरी पाहुणा आणावा लागेल.” मग थांबून त्यांनी विचारले, “बाई, तुमचा आवाज असा का येतोय?”

“कसा?”

“बसल्यासारखा.”

“रडून रडून,” बाई म्हणाल्या. त्या रडल्या होत्या, हे खरेच होते. टेबलावर पाकिटात एक कोरी काडी होती, स्वतःच्या घशासाठी आणलेली. तीन दिवस त्यांनी ते पाकीट फोडले नव्हते. वडिलांचे ऐकून जी ‘जा’ म्हणू शकली, ती बाई एवढीशी काडी घशाशी नेऊ शकत नव्हती.

“काळजी घ्या. ठेवतो आता,” गारठेराव म्हणाले. ते ‘येतो’ म्हणाले नाहीत म्हणून बाईंना इतके हायसे वाटले की फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानाशीच धरून ठेवला.

संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज पूर्ण गेला. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी आपले नाव उच्चारून पाहिले. ओठ हलले. फुंकर आली.

७

तो आला भर दुपारी. रस्त्यावर माणसे होती, कोणीतरी सायकलची घंटा वाजवत होते, खिडकीतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता. बाई वडिलांच्या खुर्चीत बसल्या होत्या, बाहेरच्या दाराकडे तोंड करून.

“ताई,” दाराबाहेरून वडिलांचा आवाज म्हणाला. “येतो.”

तो हुबेहूब होता. ‘ये’ किंचित लांबवलेला, ‘तो’ ठाशीव, कोणी व्याकरणात खोट काढू नये असा. बाईंच्या घशात उत्तर आपोआप उठले. ते द्यावे असे त्यांना वाटत होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःपासून लपवली नाही. एवढा एक शब्द, आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळेल, कोणीतरी पुन्हा चुका काढील. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मग ध्यानात आले की हात दाबण्याची गरजच नाही. घशात आवाजच नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या मुकेपणाचा आधार वाटला.

दाराखालच्या फटीतला उजेड एका बाजूने बुजत आला. काहीतरी उंबऱ्यावर लांबीनिशी आडवे झाले होते. फटीतून श्वास आत येत होता, गरम, आणि फरशीवर त्याची वाफ धरत होती.

“ताई, येतो ना.”

बाई हलल्या नाहीत. जा, असे त्यांनी ओठांनी म्हटले. जा. बराच वेळ गेला. मग फटीतला काळोख एका बाजूने उचलला गेला, दुसऱ्या बाजूने उचलला गेला, आणि उजेडात दोनच सावल्या उरल्या. दोन पायांच्या.

उत्तर मिळाल्यावाचून हा बाहेरचा आत येऊ शकत नव्हता. बाईंना याची आता खात्री पटली होती, जशी पट्टीने मोजलेल्या मापाची पटते. उत्तर द्यायला घरात त्यांच्यावाचून कोणी नव्हते, आणि त्या उत्तर देणार नव्हत्या.

तेवढ्यात दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या कपाटापाशी, कोणीतरी घसा खाकरला. आणि त्यांच्या स्वतःच्या, स्वच्छ, न बसलेल्या आवाजात, अगत्याने म्हणाले, “या.”